अण्णांकडे दाखला मागायचा कसा?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (गाव, नावं आणि ओळख पटेल असे तपशील काढले आहेत):

"मी जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. इथल्या क्रीडा मंडळाचा सहा वर्षांपासून सचिव आहे. संध्याकाळी शाळेच्या मैदानावर कबड्डी आणि खो-खोचा सराव चालतो. आठ ते सतरा वर्षांची साठेक मुलं-मुली येतात. अण्णा १८ वर्षांपासून एक पैसाही न घेता शिकवतात. त्यांच्या मदतीला दोघं आहेत. एक आमच्याच गावचा शेतकरी. दुसरा २७ वर्षांचा मुलगा, वर्षापूर्वी सुरतेहून मामाच्या गावी म्हणजे आमच्याकडे राहायला आला.

गेल्या पालकसभेत आरोग्य केंद्रात काम करणाऱ्या एका सिस्टरने विचारलं, 'इथे मुलांना शिकवणाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का?' सगळे गप्प झाले. अण्णांनी गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, 'माझ्यावर शंका असेल तर उद्यापासून येत नाही.' मग बाकीचे पालक त्या बाईवरच तुटून पडले. कसंबसं अण्णांना समजावलं. पुढच्या महिन्यात जिल्हा स्पर्धा आहे.

मला असं सुचतंय की सुरतेच्या मुलाची तेवढी पडताळणी गुपचूप करून घ्यावी आणि सिस्टरना 'झालं काम' म्हणून सांगावं. अण्णांना दाखला मागणं मला जमणार नाही. शेतकरी मित्रावर कापसाच्या भावाच्या आंदोलनातली जुनी केस आहे, त्यालाही उगीच अडचण होईल. शिवाय हा विषय वाढला तर बाप लोक पोरींना मैदानावर पाठवायचेच बंद करतील. दिवाळीनंतर तशाही दोन मुली यायच्या थांबल्या, पोरींचं तसंच असतं. आमच्याकडे सगळ्यांना एकच भीती, लोके काय म्हनतीन. मी बरोबर विचार करतोय ना?"

भाऊ,

टेबलावर ठेवलेली ती शिट्टी मला दिसते आहे. मीही खानदेशातलीच, धुळ्याजवळची. पाचवी ते नववी खो-खो खेळले. उन्हाळ्यात चार वाजता मैदानावरची माती पायाला कशी चटके देते आणि तरी एक माणूस पाण्याचा ड्रम भरून आपल्या आधी तिथे कसा उभा असतो, हे मी पाहिलं आहे. १८ वर्षं हे फुकट करणाऱ्या माणसाला चारचौघांत असा प्रश्न ऐकू आला तर लागणारच. त्यांचं दुःख खोटं आहे असं मी अजिबात म्हणणार नाही.

तरीही सिस्टरनी विचारलं ते बरोबर होतं. त्यांनी विचारण्याआधीच मंडळाकडे त्याचं उत्तर असायला हवं होतं.

बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा कायदा, ज्याला आपण सगळे पॉक्सो म्हणतो, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याचे नवे नियम मार्च २०२० मध्ये आले. त्यातला तिसरा नियम सांगतो की मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या प्रत्येक संस्थेने आपल्या माणसांची पोलीस पडताळणी आणि पूर्वचौकशी ठरावीक काळाने करून घ्यावी. शाळा आणि पाळणाघरांसोबत तिथे क्रीडा अकादमी हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. कायम असो वा कंत्राटी, शिकवणारा असो वा न शिकवणारा, सगळे त्यात येतात. मुलांच्या सुरक्षेबद्दल या माणसांना वेळोवेळी प्रशिक्षण द्यावं, असंही त्याच नियमात आहे. आता कुणी म्हणेल, आमचे अण्णा कर्मचारी नाहीत, ते सेवा करतात, आणि नियमात कर्मचारी असा शब्द आहे. वकिलाला त्यावर कीस काढता येईल. पण नऊ वर्षांच्या मुलीला आपल्या शिक्षकाला पगार मिळतो की नाही याने काय फरक पडतो? इंग्लंडमध्ये लहान मुलांना नियमित शिकवणारा फुटबॉलचा प्रशिक्षक हौशी असला तरी त्याची सरकारी तपासणी होते. विनामोबदला काम करणाऱ्याकडून त्या तपासणीची सरकारी फी घेत नाहीत, एवढाच फरक. फुकट शिकवतो म्हणून तपासणीतून सूट, असा विचार तिथे कुणी करत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतली घटना उघडकीस आली, तेव्हा आपल्या राज्यात शाळेतल्या प्रत्येक माणसाच्या पडताळणीची चर्चा घराघरांत झाली. तुमच्या गावातही झाली असेल. मैदान शाळेचं, मुलं त्याच शाळेतली, वेळ फक्त संध्याकाळची. मग ती चर्चा मैदानाच्या फाटकापाशी का थांबली, याचा विचार करा.

तुमच्या पत्रात तीन-चार गोष्टी तुम्ही गृहीत धरल्या आहेत. त्या नीट पाहू.

पहिली म्हणजे, दाखला मागणं म्हणजे संशय घेणं. जळगावच्या सराफात सख्ख्या भावाने सोनं आणलं तरी ते काट्यावर चढतं. भावाला त्यात अपमान वाटत नाही, कारण येणाऱ्या प्रत्येकाचं सोनं तोललं जातं. एकाचंच तोललं आणि दुसऱ्याचं नुसतं हातात घेऊन 'चांगलं आहे' म्हटलं, तर मात्र ज्याचं तोललं त्याचा अपमान झाला. अण्णांच्या बाबतीत हेच घडलं. प्रश्न आला तेव्हा मंडळाकडे सगळ्यांसाठीचा काटाच नव्हता, म्हणून तो प्रश्न त्यांच्या एकट्याच्या अंगावर गेला. चूक सिस्टरची नव्हती आणि अण्णांचीही नव्हती. चूक कार्यकारिणीची होती, आणि सचिव म्हणून त्यातला मोठा वाटा तुमचा आहे.

दुसरी म्हणजे, धोका बाहेरून येतो. म्हणूनच तुमची नजर सुरतेच्या मुलावर गेली. पण भाऊ, सुरतेच्या उधना-लिंबायत भागात खानदेशातली हजारो कुटुंबं राहतात. आपल्यापैकी कुणाचा भाऊ, कुणाचा मेव्हणा तिथल्या कारखान्यात नाही? त्या मुलाची आई तुमच्याच गावची लेक. त्याला परका म्हणायचं तर अर्धं गाव परकं होईल. आणि आकडे नेमके उलटं सांगतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालांत मुलांवरच्या बलात्काराच्या नोंदी पाहिल्या तर दहातल्या नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी मुलाच्या ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, शिकवणारा, घरी येणारा-जाणारा. 'आम्ही त्याला ओळखतो' या वाक्यावर आपण निर्धास्त होतो, आणि नेमकं तिथेच आपलं लक्ष सुटतं.

म्हणून फक्त त्या मुलाची गुपचूप पडताळणी करून सिस्टरना 'झालं काम' सांगणं हे तुम्ही करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. त्या मुलावर तो अन्याय आहे आणि सिस्टरशी सरळ खोटं बोलणं आहे. शिवाय पुढे काही घडलं तर तुमच्या मंडळाने अर्धवट माहितीवर पालकांना दिलासा दिला, एवढंच सिद्ध होईल.

तिसरी गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण ती पत्रभर जाणवते. हा विषय फक्त मुलींचा आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२ हजारांहून अधिक मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. लैंगिक छळ सोसल्याचं सांगणाऱ्यांत मुलग्यांचा वाटा ५२.९४ टक्के निघाला, म्हणजे मुलींपेक्षा किंचित जास्त. पॉक्सो मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. आपल्याकडे तालमीत, आखाड्यात, कबड्डीच्या मैदानात मुलग्यांचं अंग चोळून देणं, मालीश करणं हे रोजचं आहे आणि बहुतेक ठिकाणी ते स्वच्छच असतं. पण बारा वर्षांच्या मुलाला तिथे काही खटकलं, तर ते सांगायला त्याच्याकडे शब्द नसतो आणि ऐकायला माणूस नसतो. 'मर्द हो' एवढंच त्याला ऐकायला मिळतं.

आता चौथं गृहीतक, जे सिस्टरचंही असू शकतं: दाखला आला की मुलं सुरक्षित झाली. हे मला सविस्तर सांगायचं आहे, कारण पडताळणी करा असं सांगून मी तुम्हाला खोट्या समाधानात ढकलू इच्छित नाही.

पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला एवढंच सांगतो की या माणसाविरुद्ध पोलीस नोंदीत काही आहे की नाही. जे कधी पोलीस ठाण्यापर्यंत पोचलंच नाही, ते त्यात येणार कुठून? १९९० मध्ये हरियाणात पंचकुला इथे १४ वर्षांच्या एका टेनिसपटूचा विनयभंग झाला. करणारा राज्याच्या लॉन टेनिस संघटनेचा अध्यक्ष होता, आणि तोच पोलीस महानिरीक्षकही होता. त्याच्या दाखल्यावर कुणी काय लिहिलं असतं? मुलीच्या घरच्यांनी तक्रार केली तर त्या कुटुंबाचाच छळ झाला. तीन वर्षांनी त्या मुलीने जीव दिला. न्यायालयाने त्याला दोषी ठरवलं ते डिसेंबर २००९ मध्ये, १९ वर्षांनी. अमेरिकेत जिम्नॅस्टिक्सच्या राष्ट्रीय संघाचा डॉक्टर लॅरी नासर वर्षानुवर्षं उपचाराच्या नावाखाली मुलींवर अत्याचार करत होता. जानेवारी २०१८ मध्ये दीडशेहून अधिक मुली आणि स्त्रियांनी न्यायालयात उभं राहून ते सांगितलं. पण २०१६ मध्ये अटक होईपर्यंत त्याला कुठलीही शिक्षा झालेली नव्हती. पालक त्याच्याकडे विश्वासाने मुली घेऊन जायचे. काही वेळा आई त्याच खोलीत बसलेली असायची.

आपल्या देशात लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीसूची सप्टेंबर २०१८ पासून आहे, पण ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते. मंडळाच्या सचिवाला त्यात डोकावता येत नाही. त्यामुळे आपल्या हाताशी पोलिसांचा दाखलाच आहे, आणि तो घ्यायचाच. ज्याच्यावर आधीच गुन्हा नोंद आहे असा माणूस त्यातून अडतो. आणि ज्याच्या मनात काही वाईट आहे त्याला कळतं की इथे विचारणारं कुणीतरी आहे. असे काहीजण अर्ज करायची वेळ आली की स्वतःहूनच गायब होतात.

प्रत्यक्ष काम फार अवघड नाही. प्रत्येकाने आपला अर्ज महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर करायचा, सोबत मंडळाच्या लेटरहेडवर 'मुलांना शिकवण्यासाठी आवश्यक' असं पत्र जोडायचं. मग स्थानिक पोलीस ठाण्यातून बोलावणं येतं. ज्याला ऑनलाइन जमत नाही त्याला सेतू केंद्रातला मुलगा भरून देईल. अर्जाबरोबर मंडळानेही स्वतःचा एक साधा फॉर्म घ्यावा: गेल्या दहा वर्षांत कुठे कुठे राहिलात, कुठे कुठे शिकवलंत, तुमच्यावर कुठला गुन्हा नोंद आहे का, आणि खाली सही. सुरतेच्या मुलाच्या बाबतीत तिकडच्या पत्त्याची पडताळणीही लागेल, कारण इथल्या ठाण्याला तो वर्षभरच ठाऊक आहे. अण्णा पूर्वी दुसऱ्या तालुक्यात राहत असतील तर त्यांच्या बाबतीतही हेच.

आणि एक फोन करा. दाखल्यापेक्षा मला या फोनचं मोल जास्त वाटतं. हा माणूस आधी जिथे शिकवत होता तिथल्या मुख्याध्यापकांना किंवा मंडळाच्या अध्यक्षांना विचारा, "तुम्ही याला पुन्हा तुमच्या मुलांबरोबर ठेवाल का?" समोरचा क्षणभर अडखळला तर थांबा, पुढे विचारा. आपल्याकडे रीत अशी पडली आहे की एखाद्याबद्दल कुजबुज झाली की संस्थेचं नाव खराब नको म्हणून त्याला गुपचूप निरोप द्यायचा. तो मग चाळीसगावहून पाचोऱ्याला जातो, पाचोऱ्याहून शिरपूरला. दाखला प्रत्येक ठिकाणी कोरा, कारण नोंद कुणी केलीच नाही. ही साखळी कुठल्या तरी सचिवाच्या फोनने तुटते.

तुमच्या शेतकरी मित्राबद्दल. कापसाच्या भावासाठी रस्त्यावर बसलेला माणूस मुलांना धोका असतो असं कुणीही शहाणा म्हणणार नाही. दाखल्यावर त्या केसचा उल्लेख येईल कदाचित, येऊ द्या. कागद हातात पडण्याआधीच कार्यकारिणीने ठराव करून ठेवावा की कुठल्या प्रकारचा गुन्हा नोंद असेल तर मुलांबरोबर काम करता येणार नाही: मुलांविरुद्धचे, लैंगिक स्वरूपाचे, बाईवर हात उचलल्याचे, मुलांच्या पोषण आहाराचे पैसे खाल्ल्याचेही मी त्यात घालीन. आंदोलनातली केस, बांधावरून झालेली भाऊबंदकीची केस त्यात बसत नाही. आधी ठरवलं की नंतर कुणाचं तोंड पाहून निर्णय होत नाही. मित्राला आजच सांगा की त्याने फॉर्मवर स्वतःहून ती केस लिहावी. लपवली तर मात्र प्रश्न लपवण्याचा होईल. आणि हे सगळे कागद तीन जणांनीच पाहावेत, त्यात एक बाई असावी, आणि पाहून झाले की कपाटात कुलूप लावून ठेवावेत. कुणाचाही दाखला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. हे वेगळं सांगावं लागतं, कारण मी तसं झालेलं पाहिलं आहे.

कागद झाले की मैदानाकडे वळा. मुलं खरी सुरक्षित होतात ती मैदान कसं चालतं त्यावर. सरावाच्या वेळी कमीत कमी दोन मोठी माणसं हवीत, आणि मुली असतील तेव्हा त्यातली एक बाई. गावातल्या जुन्या खेळाडू पोरींना विचारा. लग्न होऊन गावातच राहिलेल्या, एकेकाळी जिल्हा गाजवलेल्या दोघी-तिघी प्रत्येक गावात असतात, त्यांना कुणी बोलावत नाही एवढंच. सराव संपल्यावर साहित्य ठेवायला कुणा एका मुलाला मागे थांबवायचं नाही. पकड शिकवताना अंगाला हात लागणार, कबड्डीत तो टळत नाही. पण काय दाखवणार आहे ते आधी सांगून, सगळ्यांसमोर दाखवावं. गोळा आला, मोच आली तर मालीश उघड्यावर, दुसरं कुणी शेजारी असताना. मोटरसायकलवर मागे बसवून एकट्या मुलाला किंवा मुलीला घरी सोडायचं नाही, रात्र झाली तर पालकांना फोन. मुलांना वैयक्तिक मेसेज नाहीत. सरावाच्या वेळा पालकांच्या ग्रुपवरच कळवायच्या.

स्पर्धेचा प्रवास हा सगळ्यात नाजूक भाग, आणि तुमच्यासमोर तो पुढच्याच महिन्यात आहे. जळगावला जाऊन त्याच रात्री परत येता येत असेल तर या. विभागीय स्पर्धेसाठी नाशिकला मुक्काम पडलाच तर मुली आणि मुलं वेगळ्या खोल्यांत, सोबत बाई, आणि कुठलाही प्रशिक्षक मुलांच्या खोलीत झोपणार नाही. कोण कुठे झोपलंय याची यादी पालकांना आदल्या दिवशी द्या. शाळेच्या वर्गात सगळ्यांना एका ओळीत चादरी टाकून झोपवण्याची आपली जुनी पद्धत आहे, तिला आपुलकीचं नाव देऊन चालू ठेवू नका.

आणखी एका गोष्टीकडे डोळा ठेवा. एखाद्या मुलाला सारखे नवे बूट, ट्रॅकसूट, मोबाइलचं रिचार्ज कोण देतं? कुणाला 'तुझं सिलेक्शन माझ्या हातात आहे' असं एकांतात सांगितलं जातं का? गरिबाघरच्या मुलीसाठी संघात निवड म्हणजे नोकरीतलं खेळाडू आरक्षण, म्हणजे घराबाहेरचा रस्ता. तिच्यावर दबाव आणायचा असेल तर कुणीही याच रस्त्यावर उभा राहील. म्हणून निवड एकट्या माणसाच्या हातात ठेवू नका, अण्णांच्याही नाही.

आता अण्णांकडे.

त्यांना सभेत काही विचारू नका. आधी तुम्ही स्वतःचा अर्ज भरा, अध्यक्षांचा भरून घ्या, आणि दोन्ही पावत्या खिशात घालून संध्याकाळी त्यांच्या घरी जा. चहा होऊ द्या. मग पावत्या त्यांच्यासमोर ठेवून म्हणा, "अण्णा, पहिला अर्ज माझा आहे, दुसरा अध्यक्षांचा. सभेत तुम्हाला एकट्याला तोंड द्यावं लागलं ती माझी चूक होती. हे काम मी सहा वर्षांपूर्वीच करायला हवं होतं." त्यांना बोलू द्या, रागावू द्या. आणि मग हेही सांगा की उद्या ते थकतील, त्यांच्या जागी कुणीतरी येईल ज्याला ना तुम्ही ओळखता ना ते. त्या माणसाला मंडळाने काय विचारायचं? अण्णांनी आपला दाखला दिला असेल तर पुढच्या कुणाला 'माझा अपमान झाला' म्हणायची सोय राहत नाही. पोरांवर खरी माया असलेली माणसं हे ऐकून घेतात, असा माझा अनुभव आहे. वेळ लागतो, पण घेतात.

आणि नाहीच म्हणाले तर? तर भाऊ, त्यांना मुलांना शिकवता येणार नाही. मंडळाने त्यांचा सत्कार करावा, मैदानाला त्यांचं नाव द्यावं, स्पर्धेत त्यांना मानाच्या खुर्चीवर बसवावं. पण सरावाला नाही. जिल्हा स्पर्धा हातची जाईल. जाऊ द्या. हे लिहिताना मला वाईट वाटतं आहे, कारण मुलांनी वर्षभर घाम गाळला असेल. पण एका माणसासाठी नियम वाकवला की तो नियम उरत नाही, आणि ते मुलांनाही दिसतं.

सिस्टरची माफी मागायला विसरू नका, आणि ती पुढच्या पालकसभेत, सगळ्यांसमोर मागा. चारचौघांत त्यांना बोल लावले गेले, ते एकांतात भरून निघत नाहीत. त्यांना बाल सुरक्षेच्या तीन जणांच्या समितीत घ्या. तक्रार कुणाकडे करायची, तर त्यांच्याकडे, अशी पाटी मैदानावर लावा, आणि त्याखाली १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक मोठ्या अक्षरांत. तो फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, आणि मूल स्वतःही लावू शकतं.

बाप लोक पोरींना पाठवायचे बंद करतील, ही तुमची भीती मला खरी वाटते. आपल्याकडे पोरगी दहावीपर्यंत मैदानावर टिकली तरी आईने घरात किती भांडणं केलेली असतात ते मला ठाऊक आहे. पण एकदा शांतपणे विचार करा, बाप पोरीला कधी थांबवतो? काही ऐकू येतं आणि मंडळ गप्प असतं, तेव्हा. दोन मोठी माणसं, एक बाई, प्रवासाची यादी, दाखले घेतलेले, असं छापील पान घरी आलं तर उलट आईच्या हातात एक बोलायचा मुद्दा येतो.

शेवटी तुमच्या पत्रातल्या एका ओळीबद्दल, जी तुम्ही जाता जाता लिहिलीत. दिवाळीनंतर दोन मुली यायच्या थांबल्या, पोरींचं तसंच असतं.

मी आठवीत होते तेव्हा आमच्या खो-खोच्या संघातूनही दोन मुली एकदम यायच्या बंद झाल्या. सरांनी हजेरीच्या वहीत नावावर रेघ मारली. आम्ही कुणीच काही विचारलं नाही. बऱ्याच वर्षांनी एका लग्नात त्यांतली एक भेटली. जेवणाच्या पंगतीत बसल्या बसल्या तिने सांगितलं की सराव संपल्यावर चुन्याची पाटी ठेवायला सर तिला एकटीला खोलीत थांबवायचे. त्या संध्याकाळी मी तिथेच असायचे. सायकलचं कुलूप काढून घरी निघून जायचे. ती माझ्याकडे तक्रार म्हणून सांगत नव्हती, पण मला पुढचा घास गिळवला नाही.

तुमच्या मंडळात तसंच झालं आहे, असं मी सुचवत नाही. अभ्यास असेल, घरकाम असेल, लग्नाची बोलणी असतील. लग्नाची असतील आणि मुलगी अठराच्या आत असेल तर तोही वेगळा विचार करायचा विषय आहे. पण 'तसंच असतं' हे उत्तर नाही, ते तुम्ही न विचारता दिलेलं उत्तर आहे. तेव्हा विचारा. तुम्ही नका जाऊ, अण्णांनी तर अजिबात नको. सिस्टरना विनंती करा. लसीकरणामुळे, तपासणीमुळे त्यांना घराघरांत जाता येतं, बायका त्यांच्याशी बोलतात. त्यांनी सरळ म्हणावं, "बरेच दिवस मैदानावर दिसली नाहीस, कशी आहेस?" आणि मग थांबावं. खोदून विचारू नये, नावं सुचवू नयेत, 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नये, कारण ते पाळता येणार नाही.

तिने काही सांगितलं तर ते एकदाच ऐकावं, तिच्याच शब्दांत लिहून ठेवावं. त्यानंतर मंडळाची बैठक बोलवायची नाही, ज्याच्याबद्दल सांगितलं त्याला बोलावून 'खरं-खोटं' करायचं नाही, गावातल्या मोठ्यांना मध्ये घालायचं नाही. पॉक्सोच्या १९व्या कलमाने अशी माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला देणं बंधनकारक आहे. २१व्या कलमात न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत, आणि आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल त्या जागी घेतात, शक्यतो महिला अधिकारी घेते, आणि ती गणवेशात येत नाही. हे तिच्या आईला आधी सांगा, कारण पोलीस म्हटलं की तिला आधी दारासमोर उभी राहिलेली जीपच दिसेल. मुलीचं नाव कुठेही बाहेर जाऊ द्यायचं नाही, मंडळाच्या वहीतसुद्धा नाही.

आणि तिने एवढंच सांगितलं की आईला बरं नाही, धाकट्या भावाला सांभाळावं लागतं, तर तेही मंडळाने ऐकण्यासारखं आहे. भावाला मैदानावर घेऊन ये म्हणावं. सरावाच्या वेळी त्याच्याकडे बघायला साठ पोरं आहेत.

दाखल्यांना पंधरा दिवस, महिना लागेल. त्या दोन घरी मात्र या आठवड्यातच कुणीतरी जाऊ द्या.